बेलारूस २०२०: मतमोजणी कुणी केली?

९ ऑगस्ट २०२० रोजी बेलारूसमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. सरकारी निकाल असा: १९९४ पासून सत्तेवर असलेले अलेक्झांडर लुकाशेंको ८०.१ टक्के, विरोधी उमेदवार स्वेतलाना तिखानोव्स्काया १०.१ टक्के. तिखानोव्स्कायांना देशभरात मिळून सुमारे ५ लाख ८८ हजार मतं.

देशात मतदान केंद्रं होती ५,७६७. मोजणी संपली की केंद्राने आपलं निकालपत्रक दारावर लावायचं, असा नियम आहे. लोकांनी या पत्रकांचे फोटो काढले आणि 'गोलोस' नावाच्या ऑनलाइन मंचाकडे पाठवले. असे फोटो जमले १,३१० केंद्रांचे, म्हणजे एकूण केंद्रांच्या चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी. अधिकाऱ्यांनी स्वतः सह्या करून लावलेल्या या पत्रकांची बेरीज केली, तर एवढ्यातच तिखानोव्स्कायांची मतं ४ लाख ७१ हजारांवर जातात. उरतात साधारण १ लाख १७ हजार मतं आणि ४,४५७ केंद्रं. भागाकार करून पाहा: केंद्रामागे सरासरी २६ मतं.

फोटो आलेली केंद्रं प्रामुख्याने शहरांतली होती आणि शहरांत तिखानोव्स्कायांचा जोर होता, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून या बेरजेवरून 'खरा निकाल अमुक' असं सांगता येत नाही. पण 'गोलोस'कडे आणखी एक गोष्ट होती. साडेपाच लाखांच्या आसपास मतदारांनी आपल्या भरलेल्या मतपत्रिकेचा फोटो काढून पाठवला होता. पत्रकं आणि मतपत्रिका केंद्रवार ताडून पाहिल्यावर, जवळपास दर तिसऱ्या केंद्रावर सरकारी आकडे आणि हाताशी असलेले पुरावे जुळेनात. काही ठिकाणी तर तिखानोव्स्कायांना दिलेल्या मतांचे फोटोच पत्रकावरच्या त्यांच्या मतांपेक्षा जास्त निघाले.

या निवडणुकीबद्दल बोलताना आपण लगेच लाठीमार, तुरुंग, हुकूमशहा याकडे वळतो. ते सगळं खरंच आहे आणि पुढे येईलही. पण मला या प्रकरणात पहिल्यांदा विचारावासा वाटतो तो प्रश्न अगदी कारकुनी आहे. हे आकडे लिहिले कुणी? पोलिसांनी नाही, गुप्तचरांनीही नाही. केंद्राध्यक्षांनी आणि केंद्र समितीच्या सदस्यांनी लिहिले. आणि ते होते बहुतांशी शाळेचे मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि शिक्षक.

शाळा, समिती, करार

बेलारूसमध्ये मतदान केंद्रं मुख्यतः शाळांत असतात. केंद्राची समिती स्थानिक प्रशासन नेमतं. कागदोपत्री नावं सुचवायचा अधिकार पक्ष, कामगार संघटना, कर्मचारीवर्ग आणि नागरिकांचे गट अशा सगळ्यांना. प्रत्यक्षात सरकारधार्जिण्या संघटना एकाच शाळेतले वा एकाच कार्यालयातले लोक सुचवतात आणि त्यांचा साहेब समितीचा अध्यक्ष होतो. २०२० मध्ये विरोधी पक्षांनी सुचवलेले सदस्य देशभरातल्या समित्यांमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. म्हणजे वर्षभर जो मुख्याध्यापक तुमचे तास ठरवतो, तोच मतमोजणीच्या रात्री टेबलाच्या टोकाला बसलेला.

आपल्याकडेही जिल्हा परिषदेचा शिक्षक निवडणुकीच्या ड्यूटीवर जातो, कुरकुरत का होईना. पण त्याच्या केंद्रात उमेदवारांचे प्रतिनिधी बसलेले असतात, मतदान संपल्यावर झालेल्या मतांच्या हिशेबाची प्रत फॉर्म १७-सीवर त्यांच्या हातात पडते, मोजणी दुसरीकडे दुसऱ्या लोकांसमोर होते आणि शिक्षकाची नोकरी दरवर्षी नव्याने मागावी लागत नाही. बेलारूसच्या शिक्षकाला यातलं काहीच नाही, आणि शेवटचं तर मुळीच नाही.

१९९९ च्या जुलैत लुकाशेंकोंनी २९ क्रमांकाचा अध्यादेश काढला. शिस्त आणि कार्यक्षमता वाढवण्यासाठी कर्मचाऱ्यांना मुदतीच्या करारावर घ्यायला मालकांना मुभा मिळाली. मुदत किमान एक वर्ष, कमाल पाच. काही वर्षांतच देशातले बहुसंख्य नोकरदार या पद्धतीखाली आले. यातली मेख अशी: मुदत संपली की करार पुढे चालू ठेवायचा की नाही, हे मालकाच्या मर्जीवर. नाही म्हणायला कारण द्यावं लागत नाही. कामावरून काढलं असं कुठे लिहावंही लागत नाही. फक्त मुदत संपली. उलट कर्मचाऱ्याला मात्र सबळ कारणाशिवाय मुदतीआधी नोकरी सोडता येत नाही. सर्वांत मोठा मालक अर्थातच सरकार: शाळा, दवाखाने, ट्रॅक्टरचे कारखाने, पोटॅशच्या खाणी, सामुदायिक शेतीतून आलेल्या कृषी संस्था, सगळ्यांवर त्याचा हात. सरकारी खर्चाने पदवी घेणाऱ्याला तर पहिली दोन वर्षं सरकार नेमेल तिथे काम करावंच लागतं, नाहीतर शिक्षणाचा खर्च परत. याच्या जोडीला मोठ्या कारखान्यांत आणि संस्थांत 'विचारसरणी' सांभाळण्यासाठी वेगळा उपप्रमुख.

या अध्यादेशावर जगभरच्या वर्तमानपत्रांत अग्रलेख आले नाहीत. मला मात्र तो त्या राजवटीचा सर्वांत हुशार कागद वाटतो. तुरुंगात माणूस टाकला की त्याचं नाव होतं, कुणीतरी त्याच्यासाठी पत्रक काढतं. करार न वाढवलेल्या भूगोलाच्या बाईंसाठी कुणी पत्रक काढत नाही. बातमी होत नाही, पण शिक्षकांच्या खोलीत ती सगळ्यांना कळते.

या व्यवस्थेचं रोजचं काम २०२० मध्ये लोकांना प्रथमच इतकं जवळून दिसलं. ४ ते ८ ऑगस्ट असे पाच दिवस आगाऊ मतदान चाललं. सरकारी आकड्यानुसार ४१ टक्क्यांहून अधिक मतदारांनी तेव्हाच मत दिलं. विद्यार्थी, सरकारी कर्मचारी, वसतिगृहात राहणारे यांना आधीच मत 'उरकून घ्या' असं सांगण्याची तिथे जुनीच पद्धत. पेट्या रात्री शाळेतच राहायच्या. मतदानाच्या कक्षांचे पडदे काढलेले. कोरोनाचं कारण देऊन निरीक्षकांची संख्या आगाऊ मतदानात तीनवर आणि मुख्य दिवशी पाचवर आणली होती आणि त्या जागा सरकारी संघटनांच्या माणसांनी आधीच भरलेल्या. स्वतंत्र निरीक्षक शाळेबाहेर उभे राहून आत किती माणसं गेली ते मोजत होते. पत्रकावर लिहिलेला आकडा कितीतरी पट मोठा निघायचा. युरोपातल्या सुरक्षा व सहकार्य संघटनेच्या निरीक्षकांना वेळेवर निमंत्रणच गेलं नाही.

तरीही शंभरावर केंद्रांतून वेगळी पत्रकं बाहेर आली. तिथल्या सदस्यांनी मतं जशी होती तशी मोजली आणि तिखानोव्स्काया पुढे असल्याचं दारावर लावलं. बाहेर थांबलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, काही ठिकाणी समितीच्या सदस्यांना मिठ्या मारल्या. व्हितेब्स्क शहरातली एक ध्वनिफीत पसरली, तिच्यात एक अधिकारी समितीच्या लोकांना दोन उमेदवारांच्या आकड्यांची अदलाबदल करण्यासाठी समजावतो आहे. समजावतो, धमकावत नाही. आवाज चढवायची गरजच नाही असा तो सूर.

याआधीची पंचवीस वर्षं, थोडक्यात

थोडक्यात अशासाठी की १९९६ सोडता त्यात पुनरावृत्ती फार आहे.

१९९४ ची निवडणूक खरी होती. सोव्हिएत संघ मोडल्यानंतर अडीच वर्षांनी, महागाईने पिचलेल्या लोकांनी भ्रष्टाचारविरोधी भाषणं ठोकणाऱ्या, शक्लोव्ह तालुक्यातल्या एका सरकारी शेतीसंस्थेच्या संचालकाला दुसऱ्या फेरीत सुमारे ८० टक्के मतं दिली. पंतप्रधान केबिच पडले. सत्ताधाऱ्याने हरून खुर्ची सोडण्याची बेलारूसच्या इतिहासातली ही एकमेव वेळ. लुकाशेंको लोकांनी निवडलेले होते, हे विसरून चालत नाही. त्यांना निवडून देणारी यंत्रणा त्यांनी निवडून आल्यावर मोडली.

मोडण्याचं मुख्य काम १९९६ च्या नोव्हेंबरात झालं. राष्ट्राध्यक्षांना नवी राज्यघटना हवी होती: संसद नावापुरती, न्यायाधीश आणि निवडणूक आयोगाच्या नेमणुका मुख्यतः आपल्या हाती, हुकमाला कायद्याचा दर्जा. घटना न्यायालयाने सांगितलं, सार्वमताचा निकाल फक्त सल्ल्यापुरता राहील. संसदेतल्या काही सदस्यांनी महाभियोगाच्या अर्जावर सह्या केल्या. केंद्रीय निवडणूक आयोगाचे अध्यक्ष व्हिक्तर हान्चार यांनी जाहीर केलं, या पद्धतीने घेतलेल्या सार्वमताच्या निकालावर मी सही करणार नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांना हटवण्याचा हुकूम निघाला आणि सुरक्षारक्षकांनी त्यांना त्यांच्या कार्यालयातून बाहेर काढलं. त्यांना हटवण्याचा अधिकार फक्त संसदेला होता. मॉस्कोहून पंतप्रधान चेर्नोमिर्दिन मध्यस्थीला आले, समझोता झाला, मोडला, आणि सार्वमत पार पडलं: सरकारी आकडा ७० टक्के बाजूने. नव्या संसदेच्या खालच्या सभागृहात जुन्यातलेच ११० आज्ञाधारक सदस्य बसवले. पहिल्या कार्यकाळाची मोजणीही १९९६ पासून नव्याने सुरू झाली, त्यामुळे १९९९ ची निवडणूक २००१ वर गेली.

हान्चार यांच्या जागी आल्या लिडिया येर्मोशिना. त्या पुढची २५ वर्षं आयोगाच्या प्रमुख राहिल्या. हान्चार १६ सप्टेंबर १९९९ च्या रात्री राजधानी मिन्स्कमध्ये मित्र व उद्योजक अनातोल क्रासोव्स्की यांच्यासह बेपत्ता झाले. माजी गृहमंत्री युरी झाखारेन्को त्याच वर्षी मे महिन्यात, टीव्ही कॅमेरामन दिमित्री झावादस्की पुढच्या जुलैत. कुणाचाही पत्ता आजवर लागलेला नाही.

यानंतरचं चक्र ठरलेलं. २००१, २००६, २०१०, २०१५: दर खेपेला ७५ ते ८४ टक्के, चौकात निषेध, अटका, काही महिन्यांनी युरोपशी सलोखा, कैद्यांची सुटका, पुढची निवडणूक. २००४ च्या सार्वमताने कार्यकाळाची मर्यादाही गेली. स्वतंत्र जनमत चाचणी घेणाऱ्या देशातल्या एकमेव मोठ्या संस्थेला न्यायालयाने बंद केलं. ती लिथुएनियातून काम करत राहिली आणि २०१६ मध्ये थांबली. यात राजवटीने स्वतःच्याच डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली, असं माझं मत. २०२० च्या वसंतात लोकांच्या मनात काय चाललं आहे, हे सांगणारं कुणी मिन्स्कच्या राजवाड्यातही उरलं नव्हतं.

कोरोना, बँकर, गृहिणी

कोरोनाला लुकाशेंकोंनी मनोविकार ठरवलं. व्होडका, बाष्पस्नान, ट्रॅक्टरवर शेतात काम, हे त्यांचे जाहीर उपाय. फुटबॉलची लीग चालू, ९ मे चं संचलन चालू. डॉक्टरांना मास्क मिळेनात, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून ते पोचवले. सरकारशिवाय एकमेकांना मदत करता येते, हा अनुभव त्या दोन महिन्यांत अनोळखी माणसांना मिळाला. ऑगस्टमधल्या गर्दीची मुळं अनेक अभ्यासक इथे शोधतात आणि मला ते पटतं.

उमेदवार तिघे पुढे आले. गावोगाव फिरून लोकांची गाऱ्हाणी चित्रित करणारा यूट्यूबर सर्गेई तिखानोव्स्की. वीस वर्षं एका मोठ्या बँकेचे प्रमुख राहिलेले व्हिक्तर बाबारिको. अमेरिकेतले माजी राजदूत आणि मिन्स्कच्या आयटी पार्कचे जनक व्हॅलेरी त्सेपकालो. उमेदवारीसाठी एक लाख सह्या लागतात. मिन्स्कच्या कोमारोव्स्की बाजाराजवळ सह्या देणाऱ्यांच्या रांगा लागल्या. तिखानोव्स्कींना २९ मे रोजी ग्रोद्नोमध्ये पकडलं. बाबारिकोंना १८ जूनला. त्सेपकालोंच्या दीड लाखांवर सह्यांपैकी आयोगाने ७५ हजारच ग्राह्य धरल्या. अटक होण्याआधी ते मुलांना घेऊन देश सोडून गेले.

स्वेतलाना तिखानोव्स्कायांचा अर्ज मात्र मंजूर झाला. इंग्रजीच्या शिक्षिका, अलीकडे मुलांसाठी घरीच, नवऱ्याला अर्ज भरू दिला नाही म्हणून स्वतः उभ्या राहिलेल्या. आपली घटना बाईसाठी लिहिलेली नाही, त्या ओझ्याखाली बिचारी कोसळेल, असं लुकाशेंको बोलून चुकले होते. त्यांना वाटलं, हरवायला सोपा उमेदवार मिळाला. १६ जुलैला बाबारिकोंच्या प्रचारप्रमुख मारिया कोलेस्निकोवा आणि त्सेपकालोंच्या पत्नी व्हेरोनिका त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. एकीची मूठ, एकीच्या हातांचं हृदय, एकीच्या दोन बोटांचा 'व्ही'. कार्यक्रम एकच: कैद्यांना सोडा आणि सहा महिन्यांत खरी निवडणूक घ्या. तिखानोव्स्काया सांगायच्या, मला सत्ता नको आहे. ३० जुलैला मिन्स्कमधल्या सभेला 'व्यास्ना' या मानवाधिकार संघटनेच्या मोजणीनुसार ६३ हजार माणसं होती. सोव्हिएत काळानंतर त्या देशाने प्रचारसभेला एवढी गर्दी पाहिली नव्हती.

चौक भरले, कारखाने चालू राहिले

९ ऑगस्टच्या रात्रीपासून तीन दिवस इंटरनेट जवळपास बंद होतं. पहिल्या चार दिवसांत सात हजारांच्या घरात लोक पकडले गेले. मिन्स्कच्या अक्रेस्तिना रस्त्यावरच्या कोठडीबाहेर नातेवाईक रात्रभर उभे असायचे आणि आतले आवाज त्यांना ऐकू यायचे. सुटून आलेल्यांच्या पाठी काळ्यानिळ्या पडलेल्या. पुश्किन्स्काया मेट्रोजवळ अलेक्झांडर ताराइकोव्स्की हा माणूस मेला. हातातला बॉम्ब फुटला असं पोलीस म्हणाले. चित्रफितीत मात्र तो रिकाम्या हातांनी पोलिसांसमोर उभा दिसतो. छळाच्या सुमारे पाच हजार तक्रारी पुढे दाखल झाल्या. त्यांवर एकाही पोलिसाविरुद्ध फौजदारी खटला उभा राहिला नाही.

तिखानोव्स्काया १० ऑगस्टला तक्रार द्यायला निवडणूक आयोगात गेल्या. तिथे त्यांना अधिकाऱ्यांसोबत काही तास बसवून ठेवलं, कागदावरून वाचलेलं एक निवेदन चित्रित झालं आणि दुसऱ्या दिवशी त्या लिथुएनियात होत्या.

मारामुळे गर्दी पांगेल हा सरकारचा अंदाज चुकला. १२ ऑगस्टला पांढऱ्या कपड्यांतल्या बायका हातात फुलं घेऊन कोमारोव्स्की बाजाराशी साखळी करून उभ्या राहिल्या. रविवारी, १६ ऑगस्टला, मिन्स्कमध्ये लाखावर माणूस जमला. बाकावर चढण्याआधी निदर्शक बूट काढून ठेवत होते. नंतर काही टीकाकारांनी याच सभ्यतेला दोष दिला: एवढे सौम्य राहिलात म्हणून हरलात. मला हा आरोप आळशी वाटतो. सशस्त्र पोलिसांना दगड मारून काय साधलं असतं, ते २०१० च्या अनुभवावरून मिन्स्कवाल्यांना चांगलं ठाऊक होतं. त्या निवडणुकीच्या रात्री मोजक्या लोकांनी सरकारी इमारतीच्या काचा फोडल्या आणि त्या निमित्ताने सगळा चौक झोडपून निघाला, प्रतिस्पर्धी नऊ उमेदवारांपैकी सात जण आत गेले.

खरी कसोटी दुसरीकडे होती. १७ ऑगस्टला लुकाशेंको हेलिकॉप्टरने मिन्स्कच्या जड वाहनांच्या कारखान्यात उतरले. हे त्यांचेच लोक, निदान त्यांचा तसा समज. कामगारांनी तोंडावर 'चालता हो'च्या घोषणा दिल्या. मला मारल्याशिवाय दुसरी निवडणूक होणार नाही, असं ते तिथे बोलले. त्या आठवड्यात ट्रॅक्टर कारखाना, बेलाझचे डंपर बनवणारा कारखाना, सोलिगोर्स्कच्या पोटॅश खाणी, ग्रोद्नोचा खत कारखाना सगळीकडे कामगार बाहेर आले. सरकारी टीव्हीचे निवेदक राजीनामे देत होते. राजवट पडते की काय, असं वाटण्याजोगे हे चार-पाच दिवस होते.

ती का पडली नाही, याचं उत्तर कारखान्याच्या फाटकाशी सापडतं. बहुतेक ठिकाणी संप म्हणजे पाळी सुटल्यावर केलेली सभा होती. यंत्रं पूर्ण थांबली ती मोजक्या ठिकाणी आणि थोड्या काळासाठी. कायदेशीर संपाची प्रक्रिया इतकी लांब आणि अडथळ्यांची की ती पार करून संप करणं जवळपास अशक्य. मोठी कामगार संघटना सरकारची. मुख्य अभियंता एकेका कामगाराला बोलावून विचारायचा, तुझा करार कधी संपतो? बोनस पगाराचा मोठा भाग, तो कापता यायचा. सोलिगोर्स्कसारख्या गावात तर खाण सोडली तर दुसरी नोकरी नाही. तिथे एका खाणकामगाराने जमिनीखाली स्वतःला बेडीने अडकवून घेतलं. एकट्या माणसाला एवढंच करता येत होतं. लुकाशेंकोंनी पायउतार व्हावं म्हणून तिखानोव्स्कायांनी बाहेरून दिलेली मुदत २५ ऑक्टोबरला संपली आणि सार्वत्रिक संपाची हाक आली. विद्यार्थी, छोटे दुकानदार, निवृत्त माणसं उतरली. मोठे कारखाने चालू राहिले. सोमवारी सकाळी ते चालू आहेत हे पाहिल्यावर, मला वाटतं, सरकारने पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला असेल.

पोलिसांचं गणितही निराळं नव्हतं. काहींनी गणवेश कचऱ्यात टाकतानाचे व्हिडिओ टाकले. पण नोकरी सोडणाऱ्याला कराराची रक्कम फेडावी लागते, सरकारी घर सोडावं लागतं. परदेशस्थ बेलारूसींनी त्यांच्यासाठी निधी उभारला, काहींना पैसे मिळाले, अख्खी तुकडी मात्र फुटली नाही. रस्त्यावर उतरलेल्या माणसांकडे चौक होते आणि फोन होते. पगारपत्रक एका माणसाकडे होतं.

रशियाबद्दल दोन वाक्यं पुरेत. २७ ऑगस्टला पुतीन यांनी राखीव पोलीस दल तयार असल्याचं सांगितलं आणि १४ सप्टेंबरला सोचीत दीड अब्ज डॉलरचं कर्ज मान्य केलं. संपावर गेलेल्या टीव्ही कर्मचाऱ्यांच्या जागी रशियन माणसं आली. आधाराचा उपयोग झालाच, पण तो आला तोवर कारखान्यांची धग ओसरायला लागली होती, म्हणून 'पुतीनने वाचवलं' एवढ्यावर हे प्रकरण मिटवणं मला मान्य नाही.

२३ सप्टेंबरला लुकाशेंकोंनी आधी न सांगता, थेट प्रक्षेपणाशिवाय शपथ घेतली.

हिशेब चुकता

यानंतर सूड आला तो सावकाश आणि फाइलींतून. रविवारचे मोर्चे नोव्हेंबरपर्यंत टिकले. वर्षाअखेरीस पकडलेल्यांची संख्या तीस हजारांपलीकडे गेली होती. ऑगस्टमध्येच लुकाशेंको म्हणाले होते की राज्याची विचारसरणी न मानणाऱ्या शिक्षकाने शाळेत राहू नये. ऑक्टोबरात निदर्शक विद्यार्थ्यांना काढून टाकण्याचा आदेश आला. कारखान्यांत, नाट्यगृहांत, दवाखान्यांत करार संपत गेले.

नेत्यांपैकी कोलेस्निकोवा यांना सप्टेंबरात युक्रेनच्या सीमेवर नेऊन हाकलायचा प्रयत्न झाला, तेव्हा त्यांनी स्वतःचा पासपोर्टच फाडला. त्यांना ११ वर्षं झाली. बाबारिकोंना १४, सर्गेई तिखानोव्स्कींना १८. मे २०२१ मध्ये देशातलं सर्वांत मोठं वृत्तसंकेतस्थळ 'तुत.बाय' बंद केलं आणि पाचच दिवसांनी अथेन्सहून व्हिल्नियसला जाणारं रायनएअरचं विमान बॉम्बच्या खोट्या बातमीवर मिन्स्कला उतरवून पत्रकार रामान प्रातासेविच यांना उचललं. 'व्यास्ना'चे अलेस बियालियात्स्की जुलै २०२१ मध्ये आत गेले. २०२२ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं आणि मार्च २०२३ मध्ये १० वर्षांची शिक्षा. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र कामगार संघटना विसर्जित केल्या. कारखाने त्या ऑगस्टमध्ये थांबण्याच्या बेतात आले होते, ही आठवण सरकारने नीट जपली होती.

सामान्य माणसासाठी कलमं दोन-तीनच. ३४२: सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवणाऱ्या सामूहिक कृतीत भाग. रस्त्यावर चालतानाचा जुना फोटो एवढा पुरावा बस. 'अतिरेकी' ठरवलेल्या टेलिग्राम वाहिनीचं सदस्यत्व: पंधरा दिवस, पुन्हा पंधरा दिवस. आणि ४११, तुरुंग प्रशासनाचा आज्ञाभंग. या कलमाखाली शिक्षा संपत आलेल्या कैद्याला आणखी वर्षं दोन वर्षं देता येतात, पुन्हा पुन्हा. राजकीय कैद्यांच्या कपड्यांवर पिवळी पट्टी. २०२३ च्या एका हुकमाने वकिलातींत पासपोर्ट मिळणं बंद झालं. परदेशी गेलेल्याला तो हवा असेल, तर परत यायचं आणि धोका पत्करायचा.

निवडणुकीची यंत्रणाही दुरुस्त केली, म्हणजे तिच्यातली भोकं बुजवली. मतपत्रिकेचा फोटो काढायला कायद्याने बंदी आली. समिती सदस्यांची नावं प्रसिद्ध होणं थांबलं. परदेशातली मतदान केंद्रं गेली. डिसेंबर २०२१ मध्ये येर्मोशिना निवृत्त झाल्या आणि आयोगाच्या अध्यक्षपदी इगोर कारपेन्को आले. ते तोवर शिक्षणमंत्री होते. २६ जानेवारी २०२५ च्या निवडणुकीत लुकाशेंकोंना सरकारी आकड्यानुसार ८६.८ टक्के मतं पडली. समोरच्या चौघांपैकी कम्युनिस्ट उमेदवाराने तर आपण लुकाशेंकोंच्या ऐवजी नव्हे, त्यांच्याबरोबर आहोत असाच प्रचार केला.

पोटॅश

या प्रकरणाचा शेवटचा भाग आपल्या शेतीच्या बांधापाशी येतो. सोलिगोर्स्कचं पोटॅश भारत वर्षानुवर्षं विकत घेत आला आहे. ऊस, केळी, द्राक्षाला पालाश म्हणून टाकतात त्यातला काही भाग तिथला. २०२१ मध्ये अमेरिकेने त्या कंपन्यांवर निर्बंध घातले, फेब्रुवारी २०२२ पासून लिथुएनियाने क्लाइपेडा बंदराकडे जाणारी रेल्वेवाहतूक थांबवली, त्याच महिन्यात युक्रेनवर हल्ला झाला. पोटॅशची गोणी महाग का झाली, हे त्या वर्षी आपल्याकडच्या शेतकऱ्यांना कृषी सेवा केंद्रावर विचारावं लागलं. उत्तराचा एक धागा त्या खाणींपर्यंत जात होता.

निर्बंध हीच मग सौद्याची वस्तू झाली, आणि दुसऱ्या पारड्यात कैदी. जून २०२५ मध्ये अमेरिकी दूताच्या भेटीनंतर सर्गेई तिखानोव्स्की सुटले. पाच वर्षांनी बाहेर आलेला हा माणूस इतका खंगला होता की त्याच्या मुलीने त्याला ओळखलं नाही. सप्टेंबरात ५२ जण सुटले आणि सरकारी विमान कंपनीवरचे निर्बंध उठले. त्यांतल्या मिकालाय स्तात्केविच यांनी, २०१० च्या त्या सात उमेदवारांपैकी एक, लिथुएनियाच्या सीमेवर देश सोडायला नकार दिला. काही तास ते दोन सीमांच्या मधल्या पट्ट्यात बसून राहिले आणि त्यांना परत तुरुंगात नेण्यात आलं. १३ डिसेंबरला १२३ जण बाहेर आले, त्यांत बियालियात्स्की, कोलेस्निकोवा आणि बाबारिको. बदल्यात अमेरिकेने पोटॅशवरचे निर्बंध सैल केले.

सुटलेल्या माणसांसाठी आनंद व्हायलाच हवा, आणि बाहेर बसून 'असे सौदे करू नका' म्हणणं सोपं आहे. कोठडीतल्या माणसाच्या आईला ते सांगून पाहावं. पण सौद्याची अट पाहा. सुटलेल्यांपैकी जवळपास सगळ्यांना थेट देशाबाहेर नेण्यात आलं, बियालियात्स्कींना लिथुएनियाला, कोलेस्निकोवा आणि बाबारिकोंना युक्रेनला. करारांच्या पद्धतीला, ३४२ ला, ४११ ला, टेलिग्राम वाहिन्यांच्या यादीला या वाटाघाटींत हात लागला नाही. डिसेंबरातल्या त्या सुटकेनंतरही हजाराच्या आसपास राजकीय कैदी आत होते आणि त्याच कलमांखाली नव्या अटका चालू होत्या.